काचेतला हात

"हात पाहू जरा."

कुणीही भेटलं की आमच्या शेजारच्या भाऊंचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार-चमत्कार मागून. आधी समोरच्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा, बोटांची पेरं दाबून पाहायची आणि बाजारात वांगं पारखून परत टोपलीत ठेवावं तसा तो ज्याचा त्याला परत द्यायचा. नव्या माणसाला वाटायचं, हे ज्योतिषी. एका तलाठ्यानं तर बदली कधी होईल असं विचारलं होतं. भाऊ म्हणाले, "ते मले नाही समजत, साहेब. पण अंगठा मस्त आहे तुमचा. गणपतीले शोभीन."

भाऊ मूर्ती घडवत. अनसिंगला आमची आणि त्यांची भिंत एक. गणपती, शारदा, दुर्गा, पोळ्याला मातीचे बैल, जे म्हणाल ते. आमच्या घरची बुद्धाची मूर्तीही त्यांचीच. "डोळे किती मिटू, तेवढं सांगा," असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी, म्हणजे त्या वेळची सर्वज्ञ बाई, "निम्मे" म्हणून मोकळी झाले. त्यामुळे आमचा बुद्ध दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसलेल्या मुख्याध्यापकासारखा दिसतो. चाळीस वर्षं झाली. आता तोच बरा वाटतो.

गिऱ्हाइकाच्या हाती मूर्ती देताना भाऊंची एक ताकीद ठरलेली. "सांभाळून न्या. अन् भंगली तर घरात ठेवू नका, शिरवून टाका." शिरवणं म्हणजे आमच्याकडे विसर्जन. भिंतीपलीकडून हे वाक्य ऐकून ऐकून मला वंदनेसारखं पाठ झालं होतं. त्यांच्या घरात तर ते सगळ्यांना पाठ होतं. पुढे काय झालं ते या वाक्यामुळे झालं. या वाक्यामुळे आणि माझ्या जिभेमुळे.

पण आधी भुताचं सांगते.

मी चोवीस वर्षांची होते, नुकतीच शाळेत विज्ञानाची बाई म्हणून लागलेली. भुतं नसतात, हे मी मुलांना, मुलांच्या आयांना आणि एकदा एस.टी.च्या कंडक्टरलाही पटवून देत होते. त्यानं घंटी मारून विषय संपवला. त्याच वर्षी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या इमारतीत मुंबईची एक कंपनी भुताच्या सिनेमाचं शूटिंग करायला आली. त्यांनी सोबत आणलेला भुताचा हात मालमोटारीतच फुटला. आमच्या रस्त्यांनी भुतालाही सोडलं नाही.

कुणीतरी भाऊंचं नाव सांगितलं. गॉगल लावलेला एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. "भैया, एक हाथ चाहिए. ज़मीन से निकलेगा, हिरोइन का पाँव पकड़ेगा." भाऊंनी आधी त्याचाच हात धरला, पाहिला, आणि "हा नाही जमत" म्हणून परत दिला.

भूत बाईचं होतं, म्हणून हात बाईचा हवा होता. भाऊंची बायको, मी तिला वहिनी म्हणे, ती म्हणाली, "बाईचा घ्या ना. खडू धरणारा हात आहे, खुरपं धरणारा नाही. मऊ आहे." मला एवढं पुरे झालं. मी तीन दिवस हाताला साय चोळली. काय समजत होते स्वतःला कोण जाणे. सिनेमाभर माझाच हात दिसणार आणि खालून माझं नाव येणार, असं काहीतरी.

अंगणात पाट मांडला. भाऊंनी माझ्या हाताला कोपरापर्यंत गोडेतेल लावलं, हात लाकडी पेटीत ठेवायला सांगितला आणि वरून कालवलेलं प्लास्टर ओतलं. घट्ट होताना प्लास्टर तापतं. हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होते. पण हाताला ऊब लागली मात्र, सगळा फळा पुसला गेला. "हात शिजून राह्यला माझा!" असं ओरडून मी पेटीला लाथ मारली आणि हात उपसून घरात पळाले. अंगण पांढरं, पाट पांढरा, भाऊंचं डोकं पांढरं, आणि मध्ये सापडलेली एक कोंबडी पांढरी. ती कोंबडी दोन दिवस तशीच हिंडत होती. गावात भूत कुणी पाहिलं असेल तर तेच.

वहिनी हसून हसून खाली बसली. मग पदर खोचून तिनं आपला हात तेलात बुडवला. तिची उजवी करंगळी वाकडी होती, लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात सापडलेली. भाऊ म्हणाले, "गरम लागीन." ती म्हणाली, "भाकरीपेक्षा का?" आणि अर्धा तास हलली नाही. मी खिडकीतून पाहत होते. बाहेर यायची हिंमत नव्हती.

दोन फाकांचा साचा झाला. आधी खालची फाक, मग वरची. संध्याकाळी वहिनी भिंतीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे कोनाले सांगू नका. माहा हात म्हणून." भाऊंची आई म्हणायची, जिवंत माणसाचा साचा काढला की त्याचं आयुष्य कमी होतं. म्हातारीला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी लगेच अंधश्रद्धेवर बोलू लागले. पळून गेलेल्या माणसाला भाषणाचा हुरूप जास्त असतो. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "हो बाई, तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "पण सांगू नका."

मी नाही सांगितलं. भाऊंनीही नाही. ते गुपित आमच्या तिघांत राहिलं.

सिनेमा वाशिमच्या टॉकीजला एकच आठवडा टिकला. आम्ही तिघं गेलो. काळ्या भेगाळल्या मातीतून आकडलेल्या बोटांचा हिरवट निळा हात वर येतो आणि हिरोइनच्या घोट्याला अडकतो. टॉकीजभर किंचाळ्या. खड्ड्यात आडवं पडून बांबूवर तो हात वर करणारे भाऊच होते. नाकातोंडात माती जाऊन आठवडाभर खोकले होते. पडद्यावर आपला हात पाहून वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "पाय तरी धुवा लागत होता तिनं."

कंपनी हात घेऊन गेली. साचा राहिला, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तुमची-आमची जातात तशी गेली. भाऊंच्या मुलानं मूर्तीचं काम घेतलं नाही, नाक्यावर गॅरेज टाकलं. सून आली, चांगली आली. मी निवृत्त झाले. आणि मग वहिनी आजारी पडली. पावसाळ्यात आजारी पडली आणि दिवाळी पाहिली नाही.

त्यानंतर वर्षभर भाऊंनी कुणाचा हात धरला नाही. माणसं समोर यायची, सवयीनं हात पुढे करायची, आणि भाऊ नुसते पाहायचे. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "माझा तरी पाहा, सुरकुत्या किती झाल्या." तर म्हणाले, "राहू द्या, बाई."

एका सकाळी मला भिंतीपलीकडून प्लास्टर घोटण्याचा आवाज आला. तुम्ही ऐकला असेल तर तुम्हाला कळेल. घमेल्यात ओलं दळण फिरवल्यासारखा. मी गेले. भाऊ माळ्यावरचा साचा काढून, तेल लावून बसले होते.

पहिला हात काढला, तर तळव्यात हवेचे बुडबुडे. फोडला. दुसऱ्या वेळी साचाच सोलला. चाळीस वर्षांचं प्लास्टर ते, पापुद्रे सुटायला लागले. तिसऱ्यांदा त्यांनी काथ्या घातला, मधून मनगटापर्यंत लोखंडी सळई घातली, दिवसभर हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडला. वरच्या फाकेचे चार तुकडे झाले. हात मात्र अख्खा निघाला. कातडीवरच्या बारीक रेघा, नखाच्या कडा, आणि ती वाकडी करंगळी.

"साचा संपला," भाऊ म्हणाले. "आता हा एकच."

पंधरा दिवस तो हात पांढराच होता, धान्याच्या कोठीमागे लपवलेला. मला वाटलं, तसाच ठेवतील. तर एक दिवस त्यांनी त्याला सिनेमातला रंग दिला. हिरवट निळा, नखं काळी, मनगटावर जखम. मला वाईट वाटलं, म्हणून मी विचारलं, असं कशाला.

"पांढरा ठेवला तर लोक विचारतीन, कोनाचा हात," ते म्हणाले. "रंगवला की भुताचा. मंग कोनी नाही विचारत. अन् घरात समोर ठेवता येते."

ही त्यांची युक्ती होती. तिला दिलेलं वचन मोडायचं नाही आणि तिचा हात रोज डोळ्यांसमोर ठेवायचा. त्यांनी सुनेला सांगितलं, आपण सिनेमात काम केलं त्याची आठवण म्हणून हात ठेवतो आहे. सून बिचारी हो म्हणाली. तिला भुताची भीती वाटत होती, पण सासऱ्यांना वर्षानंतर काम करताना पाहून तिला बरं वाटत होतं.

मग सुरू झाला तो काचेचा संसार. चार महिने भाऊ त्या एका कपाटाच्या मागे होते. पुढच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूच्या भिंतीत, जुन्या पाटांच्या फळ्या जोडून त्यांनी पेटी केली. मागे काळी मखमल लावली, दुर्गेच्या मखरातली. पुढे काच लावली, तर काचेत हात दिसेना. समोरची ट्यूबलाइट आणि पाहणाऱ्याचं थोबाडच दिसे. मी म्हटलं, "भाऊ, हे जास्त भीतिदायक आहे, असंच राहू द्या." त्यांनी काच काढली आणि वरून पुढे कलती बसवली. मग उजेड. सिनेमात उजेड खालून होता, म्हणून खालून हिरव्या दिव्यांची पट्टी लावली आणि तिचं बटण ट्यूबलाइटच्या खाली घेतलं.

आणि माती. सिनेमात हात मातीतून निघतो, तेव्हा इथेही निघायला हवा. शेतातली काळी माती आणून भरली, भेगा नीट पडाव्यात म्हणून पाण्याचे शिंतोडे मारून वाळवत बसले, आणि आठ दिवसांत भुताच्या मनगटाशेजारी हरभऱ्याचं रोप उगवलं. सून मला बोलवायला आली. आम्ही दोघी काचेला नाक लावून इतक्या हसलो की भाऊही शेवटी हसले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी सगळी माती सुनेच्या तव्यावर भाजून काढली आणि तिला नवा तवा आणून दिला.

हात पडू नये म्हणून बुडाला वजन हवं होतं. मुलाच्या गॅरेजमधलं ट्रॅक्टरचं मोडकं गिअर आणून त्यात सळई अडकवली आणि वरून प्लास्टर ओतलं. "आता कितीही हलवा," भाऊ म्हणाले, "उभाच राहीन."

पण जन्मभर ज्या माणसानं मखरं केली, तो भुतासाठी घर करील तर काय होईल? ते देवघरच झालं. मखमल काय, कमान काय, खालून उजेड काय. येणारी माणसं नकळत चपला बाहेर काढायची. मागच्या गल्लीतली एक म्हातारी रोज जास्वंदीचं फूल आणून काचेसमोर ठेवू लागली. भाऊ तिला म्हणाले, "अवो माय, हे भूत आहे." ती म्हणाली, "त्याईले तर आधी जोडा लागते हात." सून ते फूल उचलून निर्माल्यात टाकायची, केरात नाही. मी हे सगळं पाहत होते आणि मला फार गंमत वाटत होती. मला गंमत वाटते तेव्हा सावध राहायला हवं, हे मला अजून कळलेलं नव्हतं. सदुसष्ट म्हणजे काही फार वय नाही. अक्कल यायची बाकी होती.

त्या दिवसांत भाऊंनी मला एक प्रश्न तीनदा विचारला. दुपारी कपाटासमोर बसलेले असताना, माझ्याकडे न पाहता.

"बाई, तुमी सायन्सच्या. साचा काढल्यानं आयुष्य कमी होत नाही ना?"

"नाही होत, भाऊ."

"नाही ना?"

"नाही."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी भाषण दिलं नाही. नुसतं नाही म्हटलं. ते खरंच होतं. पण त्यांना हवं होतं ते माझ्या 'नाही'मध्ये नव्हतं.

पावसाळा संपता संपता भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते वाशिमला बहिणीकडे गेले, तीन दिवसांसाठी. इकडे दोन दिवसांवर घट बसायचे होते आणि सुनेनं घरची झाडलोट काढली होती. काचेतली धूळ पुसायला तिनं हात बाहेर घेतला. तो जड आहे हे तिला ठाऊक नव्हतं. टेबलाच्या कडेवर आदळला, आणि अंगठ्याचं पेर तुटून खाली पडलं.

ती रडत माझ्याकडे आली. घट बसायचे आणि घरात भंगलेली वस्तू, मामाजी आल्यावर काय म्हणतील, बाई आता काय करू. मी हरभरे निवडत होते. वर पाहिलंसुद्धा नाही.

"करायचं काय?" मी म्हटलं. "तुह्या सासऱ्यानंच तर जन्मभर सांगितलं, भंगलं तर घरात ठेवू नका. शिरवून टाक. हळदकुंकू लाव, आरती कर, अन् गाजत-वाजत ने भुताले."

मला वाटलं, ती हसेल. भुताच्या हाताची आरती. तुम्हाला तरी वाटेल का, कुणी हे खरं मानेल? पण ती माझी विद्यार्थिनी नव्हती, की बाई थट्टा करताहेत हे तिला कळावं. ती भाऊंच्या घरची सून होती, आणि मी गावची शिकलेली बाई. तिनं डोळे पुसले, "हो" म्हणाली आणि गेली. मी हरभरे निवडत राहिले.

तिनं सगळं रीतसर केलं. हाताला हळदकुंकू लावलं, तुटलेलं पेर कापसात गुंडाळून सोबत ठेवलं, दही-साखरेचा नैवेद्य दाखवला. नवरा मोटारसायकलवर आणि ती मागे तो जड हात मांडीवर घेऊन, अशी दोघं गावाबाहेरच्या तलावावर गेली. त्या वर्षी तलाव काठोकाठ होता. मुलगा छातीइतक्या पाण्यात गेला आणि त्यानं हात सोडून दिला.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तिनंच सांगितलं, मोकळ्या मनानं, काम नीट पार पडल्याच्या समाधानानं.

भाऊ डोळ्यांना काळा चष्मा लावून आले, तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसले होते. आत जाऊन बसायचं धैर्य नव्हतं. त्यांनी पायरीवरूनच आत पाहिलं. दिवे लागलेले होते, हिरवे. मातीत एक भोक होतं.

सून पुढे आली. "मामाजी, भंगला होता जी. घट बसायचे होते. तुमीच सांगता ना..."

भाऊंनी पायरीवर चपला काढल्या. मग विचारलं, "उभा सोडला का आडवा?"

"पाण्यात हे उतरले होते, त्याईले माहीत. काहून?"

"काही नाही," भाऊ म्हणाले. "बरोबर केलं तू." आणि आत जाऊन त्यांनी बटण बंद केलं.

तुटलेला अंगठा चिकटवायला त्यांना अर्धी वाटी प्लास्टर आणि दहा मिनिटं लागली असती.

मी दुसऱ्या दिवशी गेले आणि सगळं सांगितलं. की मी म्हटलं होतं, मस्करीत म्हटलं होतं. ते चष्म्याआडून माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमाले तर माहीत होतं, बाई," ते म्हणाले.

एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यासमोर कधी असा काढला नाही. सुनेला तर त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही तो हात कुणाचा. मी विचारलं, का नाही सांगत? तर म्हणाले, "तिनं चांगल्या मनानं केलं. आता सांगून तिले कायले मारू?"

प्लास्टर पाण्यात मातीसारखं विरत नाही, हे मूर्तिवाल्याइतकं कुणाला ठाऊक. दर उन्हाळ्यात तलाव उतरला की गाळात गणपतींचे मुकुट आणि सोंडा दिसतात. आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून भाऊंनी ठरवलं, पाणी उतरलं की हात मिळेल. ते रोज सकाळी तलावावर जाऊ लागले. सांडव्याच्या बाजूला एक बाभूळ आहे, तिच्याखाली बसायचे. पाण्याच्या कडेला एक काठी रोवायचे. पाणी मागे सरलं की काठी पुढे.

मीही जायची कधीकधी. गुडघे नको म्हणायचे, पण जायची. तिथे गेल्यावर ते मला विचारायचे, "बाई, प्लास्टर विरत नाही ना?" आणि मी म्हणायची, "नाही, भाऊ." महिनोन् महिने पाण्यात राहिलेलं प्लास्टर भिजलेल्या टोस्टासारखं मऊ होतं आणि आतली सळई गंजते, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार. पण त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं. जन्मभर खरं बोलायचं भाषण देऊन झालं होतं. आता खरं बोलायची वेळ आली तर जीभ वळेना.

पाऊस चांगला झाल्यामुळे पाणी हलत नव्हतं. हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मोटारी लागल्या, गव्हाला, हरभऱ्याला. भाऊ कान देऊन मोजायचे. "आज चार चालू आहेत," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा आणि लगेच पडायचा. एकदा म्हणाले, "सारा गाव म्हनते पाणी पुरलं पाह्यजे. मी एकटा म्हनतो आटलं पाह्यजे. लाज वाटते, बाई. तिलेही वाटली असती."

एकदा मात्र त्यांनी माझा हात मागितला. फाल्गुन असेल. "हात पाहू जरा." दोन-अडीच वर्षांनी. माझा सुरकुतलेला हात त्यांनी उलटापालटा केला, पेरं दाबली. "तवा तुमी पळाल्या म्हनून तिचा साचा झाला," ते म्हणाले. "नाहीतर तुमचाच हात राह्यला असता घरात." आणि हसले. मी हसले नाही. जन्मात एकदा मला हसता आलं असतं तर त्यांचं बरं झालं असतं, आणि नेमकी तेव्हा मी हसले नाही.

चैत्रात एका दुपारी ते तलावावरून आले आणि ओट्यावर बसले. मी माझ्या दारात होते. मला म्हणाले, "आज वीतभर उतरलं." सुनेला पाणी मागितलं. ती पेला घेऊन आली तेव्हा ते भिंतीला टेकून होते, मान कलती. तिनं दोनदा मामाजी म्हटलं. मग माझ्याकडे पाहिलं.

हात वर आला तेव्हा भाऊ राहिले नव्हते, मे महिना संपत होता. कुणीतरी ओरडत गावात आलं, तलावात बाई गाडली आहे. आम्ही पोचलो तोवर काठावर गर्दी. मोबाइल वर धरलेले. कुणी लिंबू ठेवलेलं.

गाळ वाळून भेगाळला होता, आणि भेगांच्या मधोमध हात उभा होता. खाली गिअर असल्यामुळे उभाच राहिला होता. रंग सगळा धुऊन गेलेला. पांढरा. अंगठा अर्धा, बाकीची बोटं आकडलेली. भाऊंची शेवटची काठी तिथून वीस पावलांवर रोवलेली होती.

मुलानं पँट वर घेतली आणि गाळात उतरला. वरची पपडी वाळलेली, खाली गुडघ्याइतका चिखल. त्यानं मनगट धरून ओढलं. हात निघाला नाही. तो मोडलासुद्धा नाही. त्याच्या मुठीत तो भिजलेल्या भाकरीसारखा दबला आणि गळून पडला. गंजलेली सळई तेवढी उभी राहिली. लोकांचा एक सुस्कारा आला. मग हसले कुणीतरी.

मुलगा परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर जे उरलं होतं ते होतं. चुरा, आणि एक अख्खं बोट. सुनेनं पदर पुढे केला. बोटावरचा चिखल पुसला. ते सरळ करायला गेली, तर ते सरळ होईना. ती थांबली. तिनं सासूच्या आजारपणात त्या हाताची नखं कापली होती.

"बाई," ती म्हणाली. "ही तं आत्याबाईची करंगळी आहे."

मी मान खाली घातली.

"तुमाले माहीत होतं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. कारण शिकलेली बाई मी. कुठलंही उत्तर जिभेवर तयार असणारी. तिच्या नवऱ्याला कळेना, हे काय चाललं आहे. तो गुडघ्यापर्यंतचा चिखल घेऊन आमच्या दोघींच्या मध्ये उभा होता. सुनेचे ओठ हलले, ती हळू म्हणाली, "भंगलेलं आहे. घरात नेऊ का शिरवू? तुमीच सांगा आता."

मी हात पुढे केला. तिनं ते ओलं बोट माझ्या तळव्यावर ठेवलं. थंडगार होतं. मी हात मागे घेतला नाही.